मोरपंखीची सात मिनिटं

यंदाच्या होळीला, संध्याकाळी पावणेआठला, डिंडोली या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतल्या आमच्या सोसायटीचं मोरपंखीच्या झुडपांचं कुंपण पेटलं. पेटून संपायला सात मिनिटं लागली. जीवितहानी नाही. एक स्कूटर आणि तळमजल्यावरच्या दोन खिडक्यांचे पडदे जळाले. सात हा आकडा माझा नाही. लोक बादल्या घेऊन धावत असताना जिन्यापाशी उभं राहून मनगटावरचं घड्याळ पाहणाऱ्या एका गृहस्थांचा आहे.

ते दुसऱ्या मजल्यावर अकरा वर्षं भाड्याने राहत होते. नंदुरबारकडचे, एकटे, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सर म्हणत. काहीही पेटलं की त्यांचा डावा हात आपोआप डोळ्यांसमोर यायचा. आमच्याकडच्या पूजेत आरतीचा कापूर किती सेकंद जळला, हे त्यांनी भटजींना सांगितलं होतं. भटजींनी दखल घेतली नाही.

निवृत्तीनंतर ते गच्चीवर पत्र्याच्या ताटांत वाळलेली पानं जाळू लागले. मी वर्तमानपत्रात काम करतो, म्हणून साक्षीदार मी.

"पाहा," ते म्हणायचे, "सागाचं पान मोठं. वाळलं की वळतं. ढिगात हवा खेळते, मग भडकतं. चिंचेची पानं बारीक. चिकटून बसतात आणि नुसती धुमसतात."

चिंच तासभर धुमसली. दोरीवरच्या साड्यांना धुराचा वास लागला. तक्रार झाली आणि घरमालकाने सरांना बजावलं, आणखी एकदा सोसायटीचा फोन आला तर घर सोडायचं.

सरांचा विषय एवढाच होता: झाडं जळतात कशी आणि का. डांगच्या जंगलात उन्हाळ्यात वणवे लागतात. पळस त्यातून मुळाच्या जोरावर पुन्हा उभा राहतो. परदेशातले काही पाइन आपले बियांचे शंकू वर्षानुवर्षं बंद ठेवतात आणि आग आली की उघडतात. आपण जळायचं, शेजाऱ्याला जाळायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत आपली पोरं रुजवायची.

"हे सिद्ध झालंय?" मी एकदा विचारलं.

"वाद आहे. जळण्याचा उपयोग झाला म्हणून तो गुण टिकला, की पानातलं तेल कीड दूर ठेवायला होतं आणि जळणं त्याच्याबरोबर आलं, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. तुमच्या सोसायटीच्या सभेसारखे. फक्त ते पुरावा मागतात."

मोरपंखी चेअरमननी लावली होती. चेअरमन धुळ्याकडचे, लूमच्या कारखान्यात सुपरवायझर. मोरपंखी हे विद्येचं झाड, पान वहीत ठेवलं की अभ्यास चांगला होतो, असं आमच्याकडे मानतात. सोसायटीत दहावी-बारावीची मुलं बरीच, म्हणून कुंपण तिन्ही बाजूंनी. दर महिन्याला त्याला बाहेरून कात्री लागायची. कापलेला पाला आतच खोचला जायचा. त्याने कुंपण दाट दिसतं.

जानेवारीत सरांनी त्या कुंपणात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर तपकिरी पाला बाहेर काढला.

"बाहेरून दोन इंच हिरवं. आत सगळं सरपण, तेही तेलकट. यंदा होळी आवारात नको."

"सर, हाई विद्यानं झाड शे," चेअरमन त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "हाई कसं जळी?"

"एक फांदी द्या, दाखवतो."

"नको, नको! तुम्ही काही दाखवू नका. मागे दाखवलं तर माझ्या बायकोने सगळ्या साड्या परत धुतल्या."

घरमालकाची ताकीद असूनही सरांनी लेखी अर्ज दिला. दोन पानांचा, आकृतीसह. अर्ज मिळाल्याची सही त्यांनी मागून घेतली.

एरवी होळी पेटायची तो रस्ता नवीन झाला होता, तो खराब होऊ नये म्हणून होळी आवारातच रचली गेली, कुंपणापासून दहा पावलांवर. गोवऱ्या लवकर पेट घेत नव्हत्या. कोणीतरी कारखान्यातून आणलेल्या पॉलिएस्टरच्या चिंध्यांचं पोतं आत ओतलं. आमच्याकडे होळी अशीच पेटवतात. वारा आला, जळती चिंधी उडाली आणि मोरपंखीवर बसली.

पहिल्या मिनिटात सर धावत जाऊन भिंतीवरचा गॅसचा मुख्य कॉक बंद करून आले. हे मी पाहिलं. उरलेला वेळ ते घड्याळ पाहत होते. हे सगळ्यांनी पाहिलं.

रविवारी सभा भरली. विषय एकच होता, आग कोणी लावली.

"ज्याला आधी माहीत होतं त्याने," खजिनदार म्हणाले. "जानेवारीतच सांगत होते ना?" आणि सरांचा अर्ज पुरावा म्हणून वाचून दाखवण्यात आला. आकृतीही फिरवली.

"चिंध्या कोणी टाकल्या?" सरांनी विचारलं.

"होळीला मध्ये आणू नका, सर," मागून आवाज आला. "घड्याळ कशाला पाहत होता ते सांगा."

"सवय," सर म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तर कदाचित निभावलं असतं. पण ते पुढे म्हणाले, "मी नऊ मिनिटं धरली होती. ही लवकर गेली."

त्यानंतर कोणी काही ऐकलं नाही. गॅसच्या कॉकचा विषय सरांनी काढला नाही. मीही काढला नाही. चेअरमननी घरमालकाला सभेतूनच फोन लावला. महिनाअखेर घर रिकामं करण्याचं ठरलं. होळीच्या जागेबद्दल निर्णय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.

सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. निघताना सर काळ्या पडलेल्या कुंपणापाशी थांबले. वॉचमन बुंध्यांना पाणी घालत होता.

"पानी मत डालो, भैया. यह जल गया तो वापस नहीं फूटता."

"चेअरमन साहब ने बोला है. रोज दो बाल्टी."

 सरांनी वाकून एका बुंध्याची साल नखाने खरवडली, आत पाहिलं आणि टेम्पोत जाऊन बसले.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. वॉचमन रोज दोन बादल्या घालतो. आज सकाळपर्यंत एकही बुंधा फुटलेला नाही.