आप्पांचा डावा पाय

आमचे मुकादम आप्पा कामावर एकाच पायात चप्पल घालायचे. उजव्या. डाव्या पायातली काढून काखेत मारायचे आणि नव्या लॉनवर लंगडल्यासारखे फिरायचे. बंगल्याचे मालक बघत राहायचे. आप्पा त्यांना सांगायचे, "डावा हुशार हाये, साहेब. खाली कुठं पाणी साचलंय ते त्याला कळतं. उजवा ढ." मला शाळेत चौथीपर्यंत सगळे ढ म्हणायचे, म्हणून त्या उजव्या पायाचा मला जरा कळवळा होता.

घोडेगावहून शिनोलीकडे जाताना रस्त्याकडेला बंगले उठायला लागले, तेव्हा आम्ही चौघीजणी कांद्याची खुरपणी सोडून आप्पांच्या हाताखाली गेलो. सगळा जन्म मातीत गेलेला. गवत लावायला काय शिकायचं, असं मला वाटलं. पहिल्या दिवशी मुळांसकट कापून आणलेल्या गवताच्या चटया मी कोपऱ्याला कोपरा लावून अंथरल्या. मला तर छान दिसत होतं. आप्पांनी सगळ्या उचलायला लावल्या. "काकू, भितीत विटांचे सांधे एकाखाली एक घेत्यात का? मंग हितं का घेतले?" मी दोन शिव्या दिल्या. त्यांनी ऐकून घेतल्या आणि पुन्हा म्हणाले, उचला.

गवतापेक्षा गवताखालचं काम त्यांच्या जास्त आवडीचं. चर खणायचा, तळाला उतार द्यायचा, खडी टाकायची. तिच्यावर भोकांचा पाइप, भोकं खाली. वर पुन्हा खडी, जाळीचं कापड, मग माती. माती टाकण्याआधी ते वरच्या टोकाला पाणी ओतायला लावायचे आणि स्वतः खालच्या टोकाला पाइपाच्या तोंडाशी डावा पाय धरून उभे राहायचे. पाणी पायावर आलं की म्हणायचे, "आलं. झाका आता." नाही आलं तर सगळं उकरायचं. उन्हात उकरता उकरता मी एकदा म्हटलं, पाय झडो तुमचा. ते हसले.

मी म्हटलं म्हणून झालं नाही. साखरेनं झालं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आप्पा आठवण झाली तर घ्यायचे आणि चहा आमच्यापेक्षा गोड प्यायचे.

एका बंगल्यावर लॉन अंथरून झालं. आप्पा पुढे चालत होते, मी मागे. एका जागेवरून ते न थांबता सरळ गेले. मी तिथेच पाय ठेवला तर गवत जरा खचलं. खाली पाणी साचलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं.

"डावा झोपलाय, काकू," ते हळूच म्हणाले. "मालकाच्या कानावर जाऊ देऊ नका."

"दवाखान्यात जावा."

"हे लॉन झालं की."

ते झालं की दुसरं असायचं. तेव्हापासून चप्पल काढून मी पुढे चालायची, भुसभुशीत लागलं की थांबायची, आणि आप्पा तिथे खूण करायचे, जणू त्यांनाच कळलं. बाकीच्या तिघींना दिसत होतं. मालकाला सांगायला कुणी गेलं नाही. आमचीही कामं त्याच पायावर होती.

मग एकदा चटयांवर रक्त दिसलं, पावलापावलानं गेलेलं. सळया बांधायची तार टाचेत घुसली होती आणि सकाळपासून ते तिच्यावरच चालत होते. मी पक्कडीनं तार ओढली. ते टाचेकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"लई खोल हाये का?"

"लई."

तेव्हा ते पहिल्यांदा घाबरलेले दिसले. लॉन आम्ही पाणी मारून धुतलं.

टाच काळी पडली, मग सगळं पाऊल. पुण्याला नेऊन गुडघ्याखाली पाय कापला. मी भेटायला गेले तर चादरीखालच्या रिकाम्या जागेकडे बोट करून म्हणाले, "हुशार गेला. ढ राह्यला." मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

कामावर ते परत आले नाहीत. पावसाळा सरायच्या आत अवसरीला त्यांच्या दारात त्यांना शेवटची आंघोळ घातली. पाणी उलटं उंबऱ्याकडे येत होतं. स्वतःच्या अंगणाला या माणसानं कधी उतार दिला नव्हता. भिंतीला टेकलेलं खोरं घेऊन मी एक चर ओढला. पाणी गेलं.

मग बायका पाया पडायला लागल्या. माझी पाळी आली. एकच पाय होता, जन्मभर चपलेत राहिलेला, तळवा मऊ. त्या ढ पायावर मी डोकं ठेवलं.