सासूबाईंची तक्रार

"तापाचं काय न्हाई, मॅडम. ह्या पोरीचं तोंड सुटलंय," सासूबाई म्हणाल्या.

अश्विनी चार दिवसांची बाळंतीण. प्रसूती आमच्याच ग्रामीण रुग्णालयात झाली होती. आष्टीकडच्या वस्तीवरून तिला परत आणलं होतं, अंगात कणकण म्हणून. सकाळी पॅरासिटामॉल घेतल्यामुळे थर्मामीटरवर मात्र ताप दिसत नव्हता.

"काय बोलली?"

"सासऱ्याम्होरं नवऱ्याला नावानं हाक मारली. दोनदा. लगीन झाल्यापास्नं कदी नाव घेतलं न्हाई तिनं."

नवरा चपलेकडे बघत उभा होता.

बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग रक्तात भिनला तर अवयव बंद पडू लागतात. याला सेप्सिस म्हणतात. तो ओळखायला खाटेजवळच करायचा एक सोपा स्कोअर आहे. वरचं बीपी नव्वदच्या खाली, श्वास मिनिटाला पंचवीस किंवा जास्त, आणि पेशंट भानावर नसणं. प्रत्येकाला एक गुण. दोन झाले की धोका.

बीपी शंभर. श्वास चार्टवर अठरा. आमच्याकडे माणूस जिवंत असला की अठरा लिहितात. मी घड्याळ लावून मोजला. बत्तीस भरला.

एक गुण.

"अश्विनी, बाळ कुठंय?"

बाळ तिच्या कुशीत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "शेरडं आत घेतली का?"

दोन.

सलाइन, ऑक्सिजन, अँटिबायोटिकचा पहिला डोस चालू केला आणि अधीक्षकांना फोन लावला. अंबाजोगाईच्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं होतं.

"बीपी बरं आहे, ताप नाही. संध्याकाळी बघू की. नवी ॲम्ब्युलन्स उद्घाटनाला उभी आहे, मॅडम. आमदारसाहेबांनी अजून फीत कापली नाही."

"मी कापू?"

ते म्हणाले, "मागच्या गेटनं न्या."

स्ट्रेचर ढकलताना सासूबाईंनी माझा हात धरला. "म्हंजे ती उलटून बोलत नव्हती?"

"नाही, मावशी. आजारानं तिला भान नाही."

"सकाळपास्नं बोलतेय की मी तिला," त्या म्हणाल्या आणि सुनेच्या पायांवर चादर ओढत गाडीत चढल्या.

साहेबांनी दुपारी जुन्या गाडीला झेंडा दाखवला. टाळ्या तेवढ्याच पडल्या.

अंबाजोगाईत गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा निघाला. दोन दिवस आयसीयू झालं, मग वॉर्ड. नंतर बाळाच्या लसीला अश्विनी स्वतः चालत आली. सासूबाई मागून पिशव्या घेऊन.

स्कोअर चांगला आहे, पण तिसरा गुण यंत्र देत नाही. "पेशंट भानावर आहे का?" असं विचारलं की सगळे नातेवाईक हो म्हणतात. म्हणून मी आता वेगळं विचारते, "ही कशी वागतेय?" मग तक्रारी सुरू होतात. त्या मी बसून ऐकते.