पेन्शनच्या कागदांसाठी फोटो

वडील शाळेत शिपाई होते. निवृत्तीच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो, म्हणून मी दोघांना तालुक्याच्या स्टुडिओत नेलं. लग्नातही त्यांचा फोटो निघाला नव्हता.

"नोकरी यांनी केली, माझा फोटो कशाला?" आईने विचारलं.

घरातली पहिली पदवीधर मी, पण कुटुंब निवृत्तिवेतन म्हणजे काय हे तिला सांगताना माझी जीभ अडखळली. वडीलच म्हणाले, "माझ्यामागं पेन्शन तुला मिळायची. तेव्हा साहेबानं तुला ओळखायला नको?"

आई उठलीच. "असलं अभद्र ऐकवायला आणलंत होय?"

"बस गं. फोटो नसला तर फॉर्म परत येतो. मग तू कुणाच्या दारात उभी राहशील?"

ती बसली, पण मध्ये हातभर जागा सोडून.

सरकारी कागद मला नेहमी कोरडे वाटत आले. त्यावरच्या लहानशा चौकोनात एका माणसाची दुसऱ्यासाठीची काळजी चिकटवलेली असते, हे मला त्या दिवशी कळलं.

"काकू, सरका जरा," फोटोग्राफर म्हणाला.

आई सरकली. "दादा, एक जास्तीचा काढा," ती म्हणाली. "आम्ही दोघं आहोत तोवर घरात लावायला."