परत पाठवलेले शर्ट

खाण बंद झाली त्याच्या पुढच्याच वर्षी गावात शर्टांचा कारखाना आला. आम्ही तेव्हा वेल्समधल्या एका दरीत राहत होतो. आमचे हे जवळच्या हॉस्पिटलात छातीच्या वॉर्डात ज्युनियर डॉक्टर होते, आणि त्यांचे बहुतेक पेशंट म्हणजे आयुष्यभर कोळशाची धूळ गिळलेले खाणकामगार. मी पुण्यात शिवणाचा डिप्लोमा केलेला. कारखान्यात बायका हव्यात असं कळलं आणि मी अर्ज टाकला. मशिनवर बसवतील असं वाटलं होतं, पण मॅनेजरने मला चेकर केलं. बाकीच्यांनी शिवलेला शर्ट उलटसुलट बघायचा आणि चूक दिसली की खडूने फुली मारून परत पाठवायचा, एवढंच काम.

आमच्या शेजारच्या घरातली बाई कारखान्यात शर्टांना कॉलर लावायच्या कामावर होती. तिच्या नवऱ्याने वीसेक वर्षं खाणीत काढली होती. खाण बंद झाल्यापासून तो दारात खुर्ची टाकून धापा टाकत बसायचा. घर आता तिच्या पगारावर चालायचं, आणि ते दोघांनाही सहन होत नव्हतं. मला ते कळत होतं. पण कळत होतं म्हणून ती मला आवडत होती असं नाही. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात, आमच्या फोडणीचा वास आपल्या वाळत घातलेल्या चादरींना लागतो, अशी तिने कौन्सिलकडे तक्रार केली होती.

पहिल्याच दिवशी मी तिचे तीन शर्ट परत पाठवले. ती उठून माझ्या टेबलाशी आली.

"काय वाईट आहे यात?"

"कॉलर एका बाजूला चढलीय."

"तुमच्या देशात कॉलरचे शर्ट घालतात तरी का?"

सगळ्या बायका हसल्या. मी तिचा चौथा शर्ट उचलला आणि त्याच्यावरही फुली मारली. तो मी नीट पाहिलासुद्धा नव्हता.

त्यानंतर माझ्याशी कुणी बोलेनासं झालं. चहाच्या सुट्टीत मी गेले की बाकावर हातपाय पसरले जायचे, जागा उरायची नाही. एकदा घरी जाताना कोटाच्या खिशात हात घातला तर आत ओली कोळशाची भुकटी. हिवाळ्यासाठी घेतलेला माझा एकुलता एक कोट होता तो. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. वळून बघायची गरज नव्हती, तिचं हसणं मला भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं.

ह्यांना मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचे शर्ट वेगळे काढायला लागले. वाकडे होते ते परत केलेच, पण सरळ होते त्यांतलेही दोन-तीन रोज परत करायचे. तिची शिलाई खरं तर हॉलमध्ये सगळ्यात चांगली होती.

शेवटी ती एक शर्ट घेऊन मॅनेजरकडे गेली. त्याने मला बोलावलं. टेप लावून त्याने कॉलर दोन्ही बाजूंनी मोजली. बरोबर भरली. तरी तो तिला म्हणाला, "चेकर म्हणेल ते खरं." ती गेल्यावर त्याने मला थांबवलं. "तू अशीच कडक राहा. या सगळ्या युनियनवाल्यांच्या बायका. तुझ्यावर जळत राहिल्या म्हणजे माझ्याकडे काही मागायला येणार नाहीत."

त्या माणसाची मला तिथेच किळस यायला हवी होती. मला बरं वाटलं.

दोन आठवड्यांनी, शुक्रवारी, तिला कामावरून काढलं.

शनिवारी सकाळी तिचा नवरा आमच्या दारात आला. तीन पायऱ्या चढून त्याला इतका दम लागला होता की आधी नुसताच चौकट धरून उभा राहिला.

"ती म्हणते, तिची शिलाई सरळ होती," तो म्हणाला. "भांडायला नाही आलो. फक्त सांग. होती का?"

"नव्हती," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि कठडा धरून उतरला. हे आतून ऐकत होते. "खरंच नव्हती?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही तुमचे पेशंट बघा."

पुढच्या हिवाळ्यात तिचा नवरा ह्यांच्याच वॉर्डात आला. एकदा ह्यांचा डबा द्यायला गेले तेव्हा ती कॉरिडॉरमध्ये बसली होती. आता शाळेत फरशा पुसायची, हात लाल झाले होते. टाळता येण्यासारखं नव्हतं, मी समोरून गेले.

"डॉक्टर चांगला माणूस आहे," ती म्हणाली. "तू नाहीस."

"माझ्या खिशात कोळसा कुणी भरला?"

"मी. परत भरीन."

तेव्हाही मला खरं बोलता आलं असतं. तो आत, चार पावलांवर, जागा होता. मी डबा नर्सकडे दिला आणि बसस्टॉपवर गेले.

तो मार्चमध्ये वारला. ह्यांना लेस्टरला नोकरी मिळाली आणि आम्ही ती दरी सोडली. सामान व्हॅनमध्ये चढत होतं तेव्हा तिचा पडदा ओढलेला होता. मी तिचं दार वाजवलं नाही.