बुवांच्या चोरलेल्या बाऱ्या

आमच्या भजनी मंडळात कोरसला सात जण होतो. गेल्या मार्गशीर्षात सहावा गेला. त्याला भोईवाड्याच्या स्मशानात पोचवून आलो, आणि तेराव्याला जेवायला बसलो तेव्हा त्याचा पुतण्या वाढता वाढता म्हणाला, की काका, तुमच्या बुवांच्या बाऱ्या आता मिळतात. लालबागला तो जुना साउंडवाला आहे ना, त्याने पेनड्राइव्हमध्ये भरून ठेवल्यात, ओळखीच्यांना विकतो.

मी त्याला सांगितलं, शक्य नाही. बुवा आता नाहीत, आणि त्यांची बारी कधी टेप झालेली नाही. हे मी छातीठोकपणे सांगितलं, कारण टेप होऊ न देण्याचं काम माझ्याकडेच होतं. त्याने माझ्या पानात आणखी भात टाकला आणि पुढे गेला. म्हाताऱ्यांशी वाद घालायचा नाही अशी हल्लीच्या मुलांची पद्धत आहे. त्यापेक्षा वाद घातलेला बरा.

डबलबारी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन भजनी बुवा, दोन मंडळं, एकच मांडव. एक बुवा आपली बारी गातो आणि गाता गाता समोरच्याला पुराणातला एखादा प्रश्न टाकतो, वर चिमटाही काढतो. दुसऱ्याने आपल्या बारीत गाऊनच उत्तर द्यायचं. आमचे बुवा तिथल्या तिथे उत्तर बांधायचे, पेटीवर बोटं चालू असताना. बारीची टेप बाहेर गेली तर समोरचा ती घरी नेऊन घोकणार, मग पुढच्या वर्षी सामना कसला? म्हणून टेप बंद. शिवाय बुवांचं म्हणणं, ज्याला ऐकायचंय त्याने येऊन मांडी मोडेपर्यंत बसावं.

बारीच्या आधी पेटीपुढे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायची आमची रीत. एका वर्षी टेप बाहेर गेल्याचा संशय आला, तेव्हा बुवांनी मला त्या नारळावर हात ठेवायला लावला. म्हणाले, "तू चौथी शिकलेला, पण तुझा शब्द मॅट्रिकवाल्यापेक्षा पक्का. टेप चालू द्यायची नाही आणि चोरून घेतलेली ऐकायची नाही." मी हो म्हटलं. मी कामाला होतो त्या मिलमध्ये मला कोणी कधी असं काही म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून मी कडेला बसून झांज वाजवायचो ती पब्लिककडे तोंड करून. मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेला माणूस मला लांबून कळायचा. एकाने कोथिंबिरीच्या जुडीखाली टेपरेकॉर्डर ठेवला होता. कॅसेट काढून त्याच्यासमोर तिची सगळी पट्टी ओढली आणि त्याच्या गळ्यात घातली. लोक हसले. तो एस्टीने लांबून आलेला, गरीब माणूस होता. आज ते आठवून बरं वाटत नाही, पण तेव्हा वाटलं होतं.

तेराव्यानंतर चार दिवसांनी लालबागला गेलो. म्हटलं, खोटं आहे ते एकदा तोंडावर खोटं ठरवून यावं. साउंडवाल्याचं दुकान मिरची कांडणाऱ्यांच्या मागच्या बोळात. लाउडस्पीकरचा धंदा त्याने कधीच सोडला, आता मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करतो. मला बघून चष्मा कपाळावर घेतला.

"मेल्या, तू अजून आसस?"

मी म्हटलं, आहे, आणि तुझ्या नावाने काय काय ऐकतोय. त्याने ओशाळायचं सोडून स्टूल पुढे सरकवलं. सगळं सांगितलं, अगदी मजेत. स्टेजमागे पडद्याआड त्याचा ॲम्प्लिफायर असायचा. बुवांच्या माइकची वायर तिथे यायची, आणि तिथूनच एक बारीक वायर टेबलाखालच्या टेप डेकला जायची. प्रत्येक बारी. एकतीस बाऱ्या आहेत म्हणाला.

"तू पब्लिकच्यो पिशव्यो तपासत रवलंस. माझ्या टेबलाखाली कधी वाकान बघलंस? आणि माका थंय चाय कोण देय होतो? तूच मां."

खरं होतं. पब्लिक परकी, साउंडवाला आपला. आपल्या माणसाची झडती घ्यायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पडद्यामागे जाऊन मी त्याच्या हातात कप द्यायचो, त्याच टेबलावर बशी ठेवायचो.

मी त्याला चोर म्हटलं. तो स्क्रू पिळत राहिला, मग सावकाश म्हणाला, "चोर म्हण. मी चोरलंय म्हणान ह्या आसा. तू राखलंस ता खंय आसा?"

 ह्याला बुवांनी तिथल्या तिथे उत्तर बांधलं असतं.

मग त्याने न विचारता एका स्पीकरच्या डबड्याला पेनड्राइव्ह लावला. आधी खरखर, मग बुवांचं खाकरणं, मग नमनाची पहिली ओळ. मी कानांवर हात ठेवायला हवे होते. ठेवले नाहीत. आवाज असा आला की जणू बुवा त्या इस्त्र्यांच्या मागे बसलेत. ओळ संपायच्या आत त्याने बटण दाबलं आणि म्हणाला, पुढचं घरी ऐक, पाचशे रुपये. मी उठून चालू लागलो. मागून ओरडला की देवळात जातस काय पाप धुवूक. मी मागे वळलो नाही, पण बस स्टॉप सोडून दोन स्टॉप पुढे गेलो तरी कळलं नाही.

घरी चैन पडेना. घर म्हणजे आता सतरावा मजला. नायगावची आमची चाळ पाडून हा टॉवर दिला. घर चांगलं आहे, नळाला पाणी दिवसभर, संडास घरात. बायको हे बघायला राहिली नाही. मुलगा बदलापूरला, रविवारी फोन करतो. दार लावलं की ते लागलेलंच राहतं. चाळीत माझी झांज पाडव्याला घासायला काढली की सात घरांतून माणसं डोकावायची. इथे मी ती एकदा वाजवली आणि वॉचमन वर आला.

मला वाटलं, बुवा नाहीत तर त्यांच्या घरातल्यांना विचारावं. त्यांनी हो म्हटलं तर शब्द सुटला. बुवांची मुलगी फणसवाडीत, वडिलांच्याच खोलीत राहते, बँकेत आहे. शनिवारी गेलो. चांगली पोर, पाया पडली, पोहे केले. मी सगळं सांगितलं, नारळाचंही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घ्या की काका, त्यात एवढं काय? हल्ली सगळंच फोनवर असतं."

मी विचारलं, तुला नको का एक? तर म्हणाली, मला नको. बाबा घरी कधी गायले नाहीत, घसा राखायचे. आम्ही मोठ्याने बोललो तरी ओरडायचे. "तो आवाज तुमचा होता काका, मंडळाचा. आमच्या वाट्याला खाणाखुणा." हे ती हसत म्हणाली, पण हसण्यासारखं नव्हतं. फोटोखालची उदबत्ती मात्र ताजी होती.

परवानगी मिळाली. पण जिना उतरताना वाटलं, ही परवानगी काही कामाची नाही. जिला ती गोष्ट नकोच होती, तिने देऊन काय उपयोग. मी नारळावर हात ठेवला तो बुवांसमोर. मग मी हट्टाला पेटलो. नाही घ्यायचं. पंधरा दिवस लालबागच्या बाजूला फिरकलो नाही. मसाला संपला तर दादरहून आणला, आणि तो कडू निघाला.

एके दिवशी आमटीला फोडणी देताना बुवांची एक गौळण मनात म्हणायला लागलो. शब्द सगळे आले. चालही आली. पण आवाज येईना. डोळे मिटून बघितलं, बुवांचा चेहरा आणला, पांढरी टोपी आणली, पेटीवरची अंगठी आणली. गाणारा आवाज माझाच, घोगरा. दुकानात त्या दिवशी ऐकलेला सुद्धा गेला होता. फोडणी करपली. कोरसमधले सहा गेले, आता माझ्या डोक्यातूनही हा माणूस निघून गेला तर त्याला ऐकलेलं कोण उरलं? पब्लिकमधले असतील कोणी. पण ते समोरून ऐकणारे. आम्ही त्याच्या श्वासावरून ऐकायचो.

गॅस बंद केला आणि चप्पल घातली.

साउंडवाला म्हणाला, येशील हे माहीत होतं. म्हणाला, पैसे नकोत, जुना दोस्त आहेस, घेऊन जा. मी त्याला पाचशेची नोट टेबलावर ठेवून सांगितलं, फुकट नको. फुकट घेतलं तर तू दिलंस असं होईल. पैसे दिले म्हणजे मी घेतलं. त्याने नोट घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "बुवांनी तुका उगाच ठेवूक नाय हुतां कडेक." पेनड्राइव्ह त्याने कागदात बांधून दिला, लवंग बांधावी तसा.

मुलाने मागे एक स्पीकर पाठवला होता, बातम्या ऐकायला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून तो समोर ठेवला. नारळ ठेवावा असं मनात आलं, पण ते ढोंग झालं असतं. शब्द मोडतोय तर सरळ मोडावा. लावलं.

नमन झालं. बुवा विठ्ठलाच्या रूपाच्या अभंगात शिरले. त्यांनी ओळ टाकली आणि श्वास घेतला. आता ती ओळ आम्ही सातांनी उचलायची.

तिथे काही नव्हतं. खरखर, पेटीचा धागा, आणि फार लांबून, बंद खिडकीपलीकडून यावा तसा माणसांचा गलका. मला वाटलं बिघडलंय. पुढची ओळ, पुन्हा तेच. दुसरी बारी लावली, तिसरी लावली. मग डोक्यात उजेड पडला. वायर बुवांच्या माइकची. कोरसला माइक कुठे होता? नरडं हाच आमचा माइक. मांडवभर पोचायचा, पण त्या वायरमध्ये गेला नाही. परवा गेलेला आमचा सहावा नेहमी केसभर आधी ओळ उचलायचा, त्यावरून बुवा त्याला शिव्या घालायचे. त्याला शोधायला मी स्पीकरला कान लावून बसलो. गलक्यात तो होता की नव्हता, सांगता येत नाही.

म्हणजे शब्द मोडून मी एकटे बुवा घरी आणले.

राग आला. साउंडवाल्याचा, स्वतःचा, बुवांचाही. बंद करणार होतो. तेवढ्यात बुवांनी परत ओळ टाकली, श्वास घेतला आणि थांबले. इतक्या वर्षांची सवय. कोणी समोर थांबलं असताना गप्प बसणं मला जमत नाही. मी उचलली. सूर खाली लागला, मधेच दम तुटला. पुढच्या ओळीला जरा वर लागला. झांज काढली नाही, वॉचमनचा धाक. मांडीवर ताल धरला. सातांचं काम एकट्याने करायचं म्हणजे ओरडावं लागतं, मी ओरडलो.

बेल वाजली. शेजारची बाई, हातात मोबाइल. मला तिचं नाव माहीत नाही, तिला माझं नाही. विचारू लागली, "काका, बरं आहे ना? कोणी आलंय का तुमच्याकडे?"

म्हटलं, कोणी नाही. भजन म्हणतोय.

ती बरं म्हणून गेली. दार लावून आत आलो, तर बुवा माझ्यासाठी न थांबता गजरात पोचले होते. मागे न्यायचं बटण मला सापडत नाही. खाली बसलो आणि जिथे होते तिथून धरलं.