साहेबांच्या गाडीतून गेलेला गणपती

साहेबांची ती गाडी एवढी लांब होती, की बोनेट नागोठण्यात शिरलं तरी डिकी गडबच्या टपरीवर चहा पीत असायची. मी तिचा ड्रायव्हर, त्यामुळे यात दोनचार फूट इकडेतिकडे झाले असतील. पण तिच्या पोटात स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या होत्या, हे शंभर टक्के खरं. पुढचा कॅमेरा रस्ता वाचायचा आणि खड्डा यायच्या आत त्या पिशव्यांना निरोप धाडायचा. काचा दुहेरी. बाहेर ट्रकनं बोंब मारली तरी आत मुंगी शिंकल्यासारखी वाटायची. दार नुसतं टेकवलं, की उरलेलं ते स्वतःच हळूच आत ओढून घ्यायचं.

माझे बाबा पेणचे मूर्तिकार. रोह्याच्या एका म्हाताऱ्या गुरुजींचा शाडूचा गणपती ते दरवर्षी स्वतः पोचवायचे. आधी एसटीनं, मग टेम्पोनं, मूर्ती मांडीवर घेऊन. आमच्या हायवेच्या खड्ड्यांत मूर्तीचं काहीतरी दुखावायचंच, म्हणून सोबत एक डबा: ओल्या फडक्यात शाडूचा गोळा, ब्रश, रंगाच्या पुड्या. मग गुरुजींच्या ओटीवर डागडुजी. काम पाच मिनिटांचं, पण दोन तास चालायचं. गुरुजी समोर पाय पसरून बसायचे आणि दोघं मिळून साऱ्या जगाची उणीदुणी काढायचे. बाबांचा खरा सण तोच.

त्या वर्षी साहेबांनी किल्ली हातात दिली. "गाडी काय नुसती पुसायला आहे? वडिलांना घेऊन जा." मी अख्ख्या आळीत ओरडून सांगितलं, "मूर्तीचा कण हलला तर मिशी उतरवीन!" माझी मिशी तेव्हा पेणच्या बाजारात आधी पोचायची, मी मागून.

मूर्ती मागच्या सीटवर ठेवली, शेजारी बाबा. निघालो तर गाडी टुंग टुंग करायला लागली. सीटला वजन कळलं होतं. बसलेल्या माणसानं पट्टा लावला नाही, अशी तिची तक्रार. शेवटी बाप्पाला पट्टा बांधला, तेव्हा गप्प बसली.

कासू मागे पडलं. बाबा म्हणाले, "गाडी बंद पडली काय रे?"

"ऐंशीनं चाललीय, बाबा!"

"मग खड्डे कुठं हायत?"

"या गाडीला खड्डे नाय."

बाबांचा चेहरा पडला. डब्यावरचा हात काही हलेना. इतक्यात त्यांचं कोपर कुठल्याशा बटणावर टेकलं आणि सीटची मालिश सुरू झाली. पाठीत गुद्दे बसताच बाबा आनंदानं ओरडले, "आला! आला खड्डा!" आणि त्यांनी वाकून सोंड तपासली, बोटं तपासली. सगळं जागच्या जागी. मी बटण बंद केलं.

कोलाडच्या पुढे मी आरशात पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. अंगठा मात्र हळूहळू उंदराच्या शेपटीकडे सरकत होता. टक. काचा दुहेरी नसत्या तर मला ते ऐकूही आलं नसतं.

रोह्यात गुरुजी ओटीवर उभेच होते. त्यांची पहिली नजर गाडीवर. "काय रे, विमान आणलंस! आता आमच्या मूर्तिकाराला काय काम?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "दिसायला मोठी हो, गुरुजी. पण हादरे फार. बघा, उंदराची शेपटी गेली."

जन्मात मी हजार थापा मारल्या असतील. गाडीची बदनामी करणारी ही एकच.

"मग बस रे बाबा, बस!" गुरुजींनी चटई अंथरली. डबा उघडला. ती एवढीशी शेपटी बसवायला त्या दिवशी तीन तास लागले.

दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडून घरी आलो तेव्हा आळी दारात उभी राहून हसत होती. बाबांनी माझ्या उघड्या ओठाकडे बराच वेळ पाहिलं. मग डब्यातली काळ्या रंगाची पुडी काढून हळूच म्हणाले, "ये इकडं. रंगवून देतो."