ड्रायव्हरच्या दारातला भुंगा

दुपारचे तीन वाजलेत आणि मी सीट मागे पाडून आमच्याच गाडीत पडलोय. झोप येतेय, पण पुरती येत नाही, दारात उभी राहून चपला काढतेय नुसती. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या आवारात उभी आहे. ही पाचवी खेप. तक्रार तीच, ड्रायव्हरच्या दारातला स्पीकर झरझरतो. कंपनीतूनच बसून आलेला स्पीकर आहे, मी काही त्यात वाळू भरलेली नाही. आधीच्या चारही वेळा तिथल्या साहेबांनी दाराला कान लावला आणि म्हणाले, "सर, हे नॉर्मल आहे."

उद्या एक चाक निखळलं तरी म्हणतील, सर, उरलेली तीन आहेत ना.

गाण्यांचं मला काही नाही. झरझरली तर झरझरोत. प्रश्न भालूकाकांचा आहे.

भालूकाका म्हणजे माझे थोरले काका. ही गाडी त्यांचीच. एकतीस वर्षं त्यांनी गावच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारल्या. गेल्या वैशाखात ते गेले. मागे राहिलं ते माझ्या मोबाइलमधलं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग. एका दिवाळीत चिवडा खाता खाता त्यांनी सगळ्या गाड्या तोंडपाठ पुकारून दाखवल्या होत्या, आटपाडीपासून वाईपर्यंत. कुमुदकाकीला ते रोज ऐकायचं असतं, पण तिचे नियम आहेत. गेलेल्या माणसाचा आवाज घरात लावायचा नाही. इयरफोनही नको, कारण "कानात माणूस घालायचा नसतो." म्हणून रोज जेवणं झाली की काकी गल्लीत उभ्या असलेल्या गाडीत येऊन बसते आणि मी आवाज लावतो.

काकांचा आवाज खर्जातला. ‘भ’ आला, ‘म’ आला, की दार झर्रर्र. सोमवारी म्हसवडच्या गाडीला काकी दार उघडून उतरली. "हा भुंगा आहे. हे तुझे काका नाहीत," म्हणाली. त्याला आज चार दिवस झाले. ती गाडीकडे फिरकलेली नाही आणि जेवतेही अर्धी पोळी. हे मात्र कुणाच्याच हिशेबानं नॉर्मल नाही.

मी डोळे मिटतो. शेजारच्या सीटचा पट्टा खट्‌कन लागतो.

"पट्टा लाव," भालूकाका म्हणतात.

"काका, गाडी उभी आहे."

"मी मेलेलो आहे, तरी लावला ना? नियम म्हणजे नियम."

पांढरा शर्ट, वरच्या खिशात दोन पेनं, चेहऱ्यावर संताप. प्रत्येक ‘म’ला त्यांची हनुवटी पत्र्यासारखी थरथरते.

"ऐकतोयस ना, शार्द्या? वर पण असंच येतंय. म्हसवड म्हटलं की लोक मागं वळून बघतात. तिथल्यांना म्हटलं, दुरुस्त करा. तर म्हणे, नॉर्मल आहे."

"तिथंही?"

"तिथं तर जास्त. एकतीस वर्षं मी भोंग्याची तक्रार लिहिली, दर महिन्याला. शेरा काय, तर आवाज पोहोचतो. अरे, आवाज पोहोचतो, शब्द कुठं पोहोचतोय? वाईला जायची माणसं दहिवडीला उतरली. काहींनी तिथंच संसार केले. आणि आता मेल्यावर माझ्याच गाडीत मी भुंगा. तू काय केलंस?"

"पाच वेळा इथं आणली गाडी."

"गाडीनं काय केलं ते नाही विचारलं. हात लावलास का?"

"कशाला?"

"दाराला. वाजतंय त्यावर हात दाबून ठेवायचा. जिथं दाबल्यावर गप्प होतं, तिथं दुखणं. एवढं तर म्हशीच्या डॉक्टरला पण कळतं."

ते माझ्याकडे तोंड करून "भुईंज, भुईंज, भुईंज" पुकारू लागतात. मी स्पीकरच्या जाळीवर तळवा दाबतो. झर्रर्र तसंच. हँडलपाशी दाबतो. तसंच. खाली, पाण्याची बाटली ठेवतो त्या कप्प्याच्या वर दाबतो, आणि भुईंज एकदम स्वच्छ येतं, धुतल्यासारखं.

"स्पीकर निर्दोष," काका निकाल देतात. "काढ दाराचं आवरण."

"स्क्रू काढायला काही नाही."

ते खिशातलं पेन देतात. पेनाच्या टोकानं स्क्रू निघतात, यात मला काही गैर वाटत नाही. एक हँडलच्या मागे, एक खाली. मग मी आवरण ओढतो आणि क्लिपा टक्, टक्, टक् सुटतात.

आत बसस्थानक आहे.

आम्ही फलाटावर उभे आहोत. सिमेंटच्या बाकांवर माणसं बसलीत, पिशव्या, ट्रंका, एकाच्या मांडीवर सायकलचं चाक. काका कुणाला तरी "नमस्कार" म्हणतात आणि त्या ‘म’ला सगळ्यांच्या पिशव्या एकदम थरथरतात.

"हे कोण?"

"मी पुकारलेले. ज्यांना कळलं नाही ते."

ट्रंकेवर बसलेली एक बाई विचारते, "साहेब, कोरेगावची लागली का?"

"ब्याण्णव साली लागली, मावशी."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"तीनदा सांगितलं."

"तुमचं काय कळतंय," असं म्हणून ती ट्रंकेवर नीट बसते. सायकलच्या चाकवालाही मान हलवतो. काका लाल होतात. मी त्यांच्या बाजूनं बोलणार, एवढ्यात मला स्पीकर दिसतो. स्थानकाच्या भिंतीवर तो उलटा बसवलाय आणि त्याच्या पाठीला कागदाच्या घड्या चिकटल्यात, पाकोळ्यांसारख्या फडफडताहेत. हरवलेल्यांच्या, चुकलेल्यांच्या चिठ्ठ्या. पुकारून झालेली चिठ्ठी काका कधी फेकत नसत. घरी पोतंभर होत्या.

"काका, गाडीची काच वाजते म्हणून खाचेत कागदाच्या घड्या कोण खोचायचं?"

काका घड्याळाकडे बघतात. "काच वाजायची."

"आणि काच खाली केल्यावर घड्या कुठं जायच्या?"

एक रिकामी बस येते आणि जाते.

"तरी कंपनीनं बघायला नको का?" ते म्हणतात, पण हळू.

आम्ही एकेक घडी सोडवतो. काका नाव वाचतात, माणूस उठतो, चिठ्ठी घेतो. ट्रंकवाली चिठ्ठी उलटीसुलटी करून बघते आणि म्हणते, "आसं लिहून द्यायचं की आधीच." बाकं रिकामी होत जातात. शेवटची घडी काका कुणाला देत नाहीत.

"ही कुणाची?"

"तुझ्या काकीची. लग्नाला महिना झालेला. माहेराहून आली आणि सहा नंबरच्या फलाटावर बसून राहिली. मला खिडकी सोडता येईना. चिठ्ठी लिहिली, तीनदा पुकारलं. ती उठली आणि बोचकं घेऊन एकटी चालत घरी गेली. रात्री वाढताना म्हणते, तुमच्या स्थानकावर भुंगे फार आहेत."

"मग सांगितलंत ना, की तो मीच?"

"लाज वाटली." हनुवटी थरथरत नाही आता. "जन्मभर हजारो लोकांना पुकारलं, शार्द्या. तिनं एकदासुद्धा नीट ऐकलं नाही."

"घरी ऐकलं असेल की."

"घरी तीच बोलायची."

सहा नंबरच्या फलाटावर नुसता बाक आहे. काका त्याच्याकडे दोनदा बघतात. "बरं झालं, नाही आलेली," ते म्हणतात. मग मला वळायला लावतात, माझ्या पाठीवर कागद ठेवतात, आणि शर्टातून मला पेन टोचतं. एक आडवी रेघ, मग थोडी अक्षरं. घडी माझ्या मुठीत कोंबतात.

"वाचून दाखवू नकोस. नुसती दे."

"सर."

काचेवर टकटक होतेय. सर्व्हिस सेंटरचे साहेब वाकून बघताहेत. दाराचं आवरण जागच्या जागी आहे, स्क्रूसुद्धा.

"सर, लावून दाखवा जरा."

डाव्या हातानं मी मोबाइल लावतो. म्हसवड येतं. भुईंज येतं. काका येतात, अगदी तसेच, खोल, चिवड्यासकट. दार गप्प आहे.

"बघा," साहेब म्हणतात. "नॉर्मल."

पाचव्या खेपेला या माणसाचं खरं निघावं, याचा मला जितका संताप येतो तितका आधीच्या चार खेपांचा मिळून आला नव्हता. ते दुसऱ्या गाडीकडे जातात. उजवी मूठ अजून मिटलेलीच आहे. मी ती उघडतो. आत कागद आहे, आठ घड्यांचा, पिवळा. अक्षर काकांचं.

‘सौ. कुमुद भालचंद्र मोहिते, असाल तिथून चौकशीच्या खिडकीपाशी त्वरित यावे.’

त्यातलं ‘त्वरित’ एका आडव्या रेघेनं खोडलंय. वर, ताज्या शाईत, वाकडंतिकडं लिहिलंय, ‘सावकाश’.